आमचा पीपी ई-मेल

आमच्या गल्लीत फोन पहिल्यांदा आमच्याकडं आला, आणि तेव्हापासून निम्म्या गल्लीच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर 'पीपी' म्हणून छापला जायचा. फोन आला की खिडकीतून हाक मारायची, माणूस ओल्या हातानं धावत यायचा, ओरडून ओरडून बोलायचा आणि चहा पिऊन जायचा. पुढं दोन हजार सालाच्या आसपास मी कॉम्प्युटर घेतला. मुलांच्या अभ्यासासाठी, असं बायकोला सांगितलं. मुलं त्याच्या जवळपासही फिरकली नाहीत, ते सोडा. ई-मेलचा पत्ता काढला आणि बघता बघता तोही पीपी झाला.

शेजारच्या भाभींचा मुलगा तर तो पत्ता खिशात घालून मस्कतला गेला. शहरापासून लांब, कुठल्याशा रस्त्याच्या कामावर होता. राहायच्या जागी फोन नाही, पण साइटच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. तिथून तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, मी ते मोठ्यानं वाचायचो आणि भाभी पदर तोंडाला लावून ऐकायच्या. वाचताना मी असा काही आवाज लावायचो, की जणू मजकूर माझाच.

त्या वर्षी भाभींच्या मुलीचं लग्न सारोळ्याला ठरलं. वडील हयात नाहीत, तेव्हा निकाहात वली, म्हणजे नवरीचा पालक, म्हणून भावानंच उभं राहायचं, एवढी एकच तिची मागणी. भावाला रजा मिळतेय की नाही, यावर सगळं अडलेलं. सारोळ्याची मंडळी तारीख पक्की करायला त्या संध्याकाळी येणार होती. निरोप आला नाही तर लग्न थेट रमजाननंतर, आणि एवढं थांबायचं तर मग बघू, असं ते म्हणायला लागले होते. त्या 'बघू'नं भाभींची झोप उडाली होती. मुलानं शुक्रवारी गावात जाऊन फोन केला होता, "साहेबांनी हो-नाही सांगितलं की लगेच मेल टाकतो."

दुपारची जेवणं उरकताच भाभी हजर. "भाऊ, आला का?"

"आत्ता बघतो," म्हणत मी बाह्या सरसावल्या. भाभी स्वयंपाकघरात बायकोपाशी मेथी निवडायला बसल्या. मोडेम कुईंकुईं करून, घसा खाकरून एकदाचा पुण्याला लागला. मेलच्या प्रोग्रॅममधली निळी पट्टी सरकू लागली, निम्म्यापर्यंत आली आणि मेली. संपर्क तुटला. पुन्हा लावला, पट्टी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निम्म्यात ठप्प.

रांगेत सगळ्यात पुढं माझ्या पुण्याच्या मेहुण्याचा मेल होता. त्यानं नवी गाडी घेतली होती, आणि तिचे पुढून, मागून, डिकी उघडून काढलेले फोटो आम्हाला पाठवले होते. तो सगळा उतरल्याशिवाय मागचं काही आत येत नव्हतं. वरंध्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की मागं एसट्या उभ्या राहतात, तसं.

मेहुणा कॉम्प्युटरमधला. त्यालाच फोन लावला. "अरे, तुझी गाडी आमच्या दारात अडकलीय."

"डिलीट करा ना, दाजी."

"आधी आत तर येऊ दे, मग करतो!"

"मग सेटिंगमध्ये जाऊन टाइमआउट वाढवा."

वाढवला. फोन आणि मोडेम एकाच तारेवर, त्यामुळं फोन ठेवायचा, मोडेम लावायचा, तुटला की पुन्हा मेहुण्याला फोन. पासवर्ड पुन्हा घातला. अँटिव्हायरस बंद केला. अख्खं अकाउंट काढून नव्यानं टाकलं. मोडेमच्या वायरीवर, शेगडीच्या बर्नरवर मारतात तशी फुंकरही मारून पाहिली. हे मेहुण्यानं सांगितलं नव्हतं, ते माझं स्वतःचं संशोधन.

"दाजी, तुमच्या भोरची लाइनच तसली," मेहुणा शेवटी वैतागला. मला राग आला. पण वेल्ह्याकडं चार सरी जास्त पडल्या की आमचा फोन मुका होतो, हे त्यालाही माहीत होतं. "असं करा, मला पासवर्ड सांगा. मी इथूनच उघडून बघतो."

माझा पासवर्ड सख्ख्या मेहुण्याला सांगण्यासारखा नव्हता. तो काय होता, हे मी इथंही सांगणार नाही. "पाच मिनिटांनी करतो," म्हणून फोन ठेवला आणि शेवटचं म्हणून मोडेम लावून दिला. तेवढ्यात दिवस कलतानाची, असरची अजान झाली. सारोळ्याची मंडळी निघाली असणार. भाभींच्या लेकीच्या लग्नापुढं माझी अब्रू ती केवढी? सांगून टाकू, असं ठरवलं आणि धीर यावा म्हणून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

तिथं भिंतीवर आमच्या फोनचा दुसरा डबा होता. बायकोला हातातलं काम टाकून बाहेर यावं लागू नये म्हणून तिथपर्यंत वायर ओढलेली. भाभींनी मेथीचे हात पुसले, रिसिव्हर उचलला, कानाला लावला, तोंड वाकडं केलं आणि ठेवून दिला. बाहेरच्या खोलीतून कॉम्प्युटर टुंग करून बोंबलला.

"भाभी, काय करताय?"

"काय न्हाई भाऊ, टोन बघते. पोराचा फोन आला तर लाइन चालू पायजे न्हवं? मगाधरनं बघतीय, नुसती खरखर. लई खराब झालीय तुमची लाइन."

"मघापासून?"

"दर थोड्या येळानं."

"मी पण बघितला की दोनदा," बायको म्हणाली.

आता यात त्यांचं तरी काय चुकलं? फोन कधी बंद पडेल याचा भरवसा नाही, म्हणून जाता-येता रिसिव्हर उचलून टोन बघायची सवय आम्हा सगळ्यांनाच. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघतात तशी. मीसुद्धा रोज बघायचो.

"अहो भाभी," मी म्हटलं, "ती खरखर म्हणजे तुमचं पोरगंच बोलतंय हो! तुम्ही उचललं की त्याचा मेल तुटतो."

तवा लागावा तसा भाभींनी हात मागं घेतला. "या अल्ला! म्या तोडत हुते व्हय?"

"तुम्ही एकट्या नाही, आमची ही पण."

"माझं नाव घेऊ नका," बायको म्हणाली. "वायरीवर फुंकर कोण मारत होतं, मी बघितलंय."

स्वयंपाकघरातल्या फोनची वायर काढून टाकली. भाभी माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून, चुकून कशाला लागायला नको म्हणून. मोडेम लागला. पट्टीनं निम्मं ओलांडलं. मेहुण्याची गाडी उतरली, पुढून, मागून, डिकीसकट. आणि तिच्या पाठोपाठ मस्कतचा मेल आला.

'अम्मी, सुट्टी मिळाली. छोटीला सांग, वली येतोय. काय आणू ते कळव.'

भाभी मटकन खाली बसल्या. "परत वाचा."

परत वाचलं.

"सगळं नगं. सुट्टी मिळाली, तेवढंच वाचा."

तेवढंच तिसऱ्यांदा वाचताना माझा नेहमीचा आवाज काही लागेना. बायकोनं न विचारता चहा टाकला. पासवर्ड सांगायचा वाचला याचाही आनंद होताच, उगाच खोटं कशाला बोला.

"लिवा," भाभी डोळे पुसत म्हणाल्या, "काय आणू नगंस, तू ये फकस्त."

मी लिहिलं. "पाठवू?"

"थांबा. मामूंना अत्तर आण म्हणावं." मी लिहिलं. "आन् छोटीच्या सासूला घड्याळ. नगं, घड्याळ राहू द्या, कापड आण म्हणावं."

तेवढ्यात कोपऱ्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. सारोळ्याची मंडळी! भाभी उठल्या आणि तशाच धावत सुटल्या. चपला आमच्याच दारात राहिल्या. मी खिडकीतून पाहिलं तर त्या पाहुण्यांकडं न जाता आधी स्वतःच्या मागच्या दारानं आत शिरत होत्या, लेकीला सांगायला. शिरता शिरता वळल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "भाऊ, बदाम! किलोभर!"

मी किलोभर बदाम लिहिले आणि पाठवून दिले. पहिल्या झटक्यात गेले.