पायरीवरचा हळदीचा हात

मी केमिस्ट्रीचा माणूस. बीएस्सी, सेकंड क्लास. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती, म्हणून हे मी जरा मोठ्यानेच सांगतो. भूत-बित, करणी-बिरणी असलं कुणी सुरू केलं की मी उठून जायचो... आजही जातो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली आणि बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. हिंगोलीबाहेर औंढा रोडला नवीन रिसॉर्ट झालं होतं. तिथे फायबरचा स्विमिंग पूल — अख्खा निळा टब ट्रेलरवरून आणून खड्ड्यात बसवलेला. त्याच्या पाण्याची जबाबदारी माझी. क्लोरीन किती, पीएच किती, बोअरच्या पाण्यातल्या लोहाचे डाग कसे काढायचे, सगळं मीच बघायचो.

आमचं गाव कुरुंदा. घरी थोडी मेंढरं. हळदीच्या दिवसांत माय लोकांच्या शेतावर हळद काढायला, शिजवायला जायची. तेव्हा तिचे तळहात पिवळेधमक असायचे. मार्चमध्ये एकदा ती न सांगता आली, एसटीने, फडक्यात भाकरी बांधून.

"एवढी मोठी निळी परात!" पुलाकडे बघून म्हणाली. "अन् हिला राखायला बीएस्सी लागते व्हय रे बापू?"

"लागते. पाणी बराबर ठेवावं लागते."

"आमी तर मेंढरं वढ्यात तशीच घालतो. ती काई तकरार करत न्हाईत."

आमचे वॉचमन चाचा खो खो हसले. माय पायऱ्यांपाशी उकिडवी बसली आणि पाण्याकडे हात नेला. तेवढ्यात मॅनेजर साहेब ऑफिसच्या दारात आले.

"हात नको घालू माय!" मी घाईने म्हणालो. "हळदीचा डाग पडल."

तिने हात मागे घेतला. पदराला पुसला, जसा काही ओला झाला होता. "व्हय की बाबा... मला काय कळते," म्हणाली. भाकरी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गाडीने गेली.

खरं सांगतो. हळद तिथे टिकली नसती. क्लोरीनच्या पाण्यात जाते, नुसत्या उन्हातसुद्धा जाते. हे मला चांगलं माहीत होतं. साहेबांसमोर मला तिच्या लुगड्याची, त्या हातांची लाज वाटली — एवढंच होतं. पुढच्या सुट्टीला गावी जाऊन तिच्याशी बोलू, असं मनात ठेवलं.

नवव्या दिवशी निरोप आला. भर दुपारी, हळदीच्या कढईपाशीच, बसल्या बसल्या गेली.

तेरावा करून परत आलो तर पुलाचं पाणी हिरवं. क्लोरीनचा मोठा डोस दिला. तिसऱ्या दिवशी तळ दिसायला लागला — आणि दुसऱ्या पायरीवर पिवळा डाग. पंजा. उजव्या हाताचा, पाचही बोटं स्पष्ट.

"चाचा, कोण आलं होतं?"

"कोई नै आया बेटा. गेट को ताला था, चाबी मेरे पास."

मी शिकल्या माणसासारखा वागलो. लोहाचा असेल म्हणून व्हिटॅमिन सीची गोळी चोळली. लोहाचा असता तर लगेच गेला असता. हलला नाही. पानाचा, शेवाळाचा असेल म्हणून क्लोरीन वाढवलं. तसाच. मग एक दिवस माझ्या हातून सोडा जास्त पडला, पीएच चढला आणि तो पंजा लाल झाला. ॲसिड घालून पाणी बराबर केलं... पुन्हा पिवळा. असं वागणारी वस्तू आम्हाला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकललाच दाखवली होती. मी कपड्यांसकट त्या पायरीशेजारी पाण्यात बसलो. किती वेळ, ते चाचांनाच ठाऊक.

हळदच होती. पण एप्रिल-मेच्या उन्हात, क्लोरीनमध्ये, तिचा रंग कणभर फिका झाला नाही.

शेवटी मॅनेजर म्हणाले, "लोकं विचारून राहिले. सँडपेपर मारा अन् संपवा."

"साहेब, फायबरची चकाकी जाईल."

"जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्या पायरीच्या खाली उतरवलं. अख्खा टब रिकामा करत नसतात, जमिनीतल्या पाण्याने तो वर उचलला जातो. पायरी उन्हात खडखडीत वाळली. सँडपेपर हातात होता, पण माझ्याच्याने झालं नाही. मी त्या पंजावर माझा तळहात ठेवला. तिचा लहान होता.

"चुकलो माय," म्हणालो. "घाल हात. काई खराब होत न्हाई."

हात उचलला. पायरी कोरी, निळी, नव्यासारखी. आणि माझा तळहात पिवळा.

चाचांनी माझा हात धरून पाहिला, वास घेतला आणि सोडला.

दोन महिने न निघालेला डाग, तोही वाळलेला, कोरड्या हाताला लागत नसतो — हे मला सांगू नका, मला कळतं. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन.

चार दिवस मी तो हात पाण्यात घातला नाही. डाव्या हाताने जेवलो. बाहेर पडताना हात खिशात ठेवायचो, ऊन लागू नये म्हणून. तरी पाचव्या दिवशी काही उरलं नाही... हळद जशी जाते, तशीच गेली.