मागे माती

दादाच्या हातात बंदूक असली की माझ्याकडे एकच काम असतं. मागे काय आहे ते सांगायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात. त्याच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळाली की ओळखीचे शेतकरी त्याला बोलावतात. नेम धरल्यावर तो मान न वळवता विचारतो, "मागं काय?" शेजारच्याने एकच शब्द बोलायचा, "माती." टेकाड असेल, कालव्याचा भराव असेल, शेततळ्याची उंच कड असेल. गोळी आत शिरून तिथेच थांबेल अशी माती हवी. दुसरा शब्द आला किंवा उत्तराला उशीर झाला, तर नळी खाली. ही पद्धत वडिलांनी घातली. नेम धरणाऱ्याला जनावराशिवाय काही दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात, असं ते म्हणायचे. चुकलेली गोळी पुढे जाते हे सगळ्यांना कळतं. लागलेलीही आरपार जाते, हे सांगावं लागतं.

मार्चमध्ये निमगाव सावाला गेलो, ती दादाची सासुरवाडी. त्याच्या मेहुण्याच्या उसाची तोड चालू होती. डुकरांनी आधी मका लोळवला होता, मग उसात ठाण मांडलं होतं. तोड पुढे सरकते तसा ऊस आक्रसत जातो आणि आतलं जनावर शेवटच्या पट्ट्यात कोंडतं. आमच्याकडे त्या पट्ट्यातून काहीही निघू शकतं, बिबट्यासुद्धा. तोडणीवाले कोयते घेऊन आमच्या मागे ट्रॅक्टरपाशी येऊन बसले होते. पट्टा उरला होता तो पलीकडच्या बांधाला लागून. बांधापलीकडचं रान मेहुण्याच्या चुलतभावाचं. दोघांचं बोलणं बंद होतं.

दुपार कलली होती. वारा नव्हता, तरी पाचट सारखं वाजत होतं. मी तिथे उभा राहून पट्ट्याच्या वर पाहत होतो आणि मला काहीतरी खटकत होतं. दोन वर्षांपूर्वी इथेच आलो होतो, तेव्हा बांध पुरुषभर उंच होता आणि त्यावरची बाभळ उसाच्या वर दिसायची. आता उसाच्या शेंड्यांवर नुसतं आभाळ होतं.

"बाभळ कुठंय?" मी मेहुण्याला विचारलं.

"तोडली त्यानं. सावली पडती म्हनं कांद्यावर."

"आणि बांध?"

"बांध कुठं जातुय पावणं? आज्याच्या टायमाचा हाय." तोडणीवाले हसले.

मी पट्ट्याच्या टोकाला वळसा घालून पाहून यावं असं मनात होतं. तेवढ्यात उसात खसफस झाली आणि डुक्कर बाहेर आलं. मोठा नर. तोडलेल्या रानात चार पावलं येऊन आडवा उभा राहिला. मागे ऊस. दादाची बंदूक खांद्याला लागलेली होती.

"मागं काय?"

ऊस दाट असला की भिंतीसारखा वाटतो. पण तो भिंत नाही. गोळीला त्याची अडचण होत नाही. उसामागे बांध असेल तर माती. मेहुणा शपथेवर सांगत होता की आहे. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पाहिला होता. मी पेपरात बातमीदार; बातमीत मी कितीदा 'असे समजते' लिहून ओळ पुढे नेली आहे. इथे तशी ओळ लिहिता येत नव्हती.

"मागं काय?" दादाने पुन्हा विचारलं. याआधी त्याने कधी दोनदा विचारल्याचं मला आठवत नाही.

"माती म्हना की राव!" मेहुणा कानाशी कुजबुजला. "बातमी न्हाई द्यायची, एक शब्द बोलायचाय!"

"दिसत नाही," मी म्हणालो.

नळी खाली आली. डुक्कर क्षणभर आमच्याकडे बघत राहिलं आणि मग ओढ्याच्या अंगाला निघून गेलं.

"घ्या!" मेहुण्याने टोपी मांडीवर आपटली. "दाजी, पुढच्या टायमाला एकटंच या. ह्यांना पेपरातच ठिवा. वरीसभराचं पीक गेलं आन् पावण्यांना दिसंना!"

दादाने बंदूक मधोमध उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली, ती तशीच हातावर घेतली आणि तो सरळ उसात शिरला. मी मागे, माझ्यामागे बडबडत मेहुणा. पाती गालाला कापत होती. आम्ही पलीकडे निघालो तेव्हा बांध लागलाच नाही. उसाची शेवटची सरी संपली आणि कांदा काढलेलं मोकळं रान सुरू झालं. मधे बांध म्हणून मातीची एक वळकटी उरली होती, घोट्याएवढी. तिच्या दोन्ही अंगांनी नांगराची तासं अगदी घासून गेली होती.

समोर चुलतभावाचं घर होतं. अंगणात मेहुण्याची म्हातारी चुलती आणि घरची सून कांद्याची पात कापत बसल्या होत्या. मी वळून पाहिलं. आम्ही दादाच्या नेमाच्या रेघेतच चालत आलो होतो, आणि ती रेघ सरळ त्या अंगणात जात होती.

म्हातारीने कपाळावर हात धरून पाहिलं. "कोन, जावईबापू का? या की. डुक्कर घावलं का?"

"न्हाई काकू," मेहुणा म्हणाला.

चुलतभाऊ गोठ्यातून आला. दादाच्या हातातली बंदूक त्याने पाहिली, मग अंगण पाहिलं. दादाने बांधाकडे बोट केलं.

"मी दर साली एकच तास घेतलं," चुलतभाऊ म्हणाला.

"मीबी एकच," मेहुणा म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यांनी एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

बांध कोरणं ही आमच्याकडे चोरी समजली जात नाही. समोरचा कोरतो म्हणून आपण कोरायचं. प्रत्येकाच्या डोक्यात मात्र बांध आज्याच्या वेळचाच उभा असतो, भांडायला तोच लागतो. दादा एवढंच म्हणाला, "हितं छातीभर माती पडली तर बोलवा. न्हाईतर नका."

पंधरवड्यात निरोप आला, माती पडली म्हणून. दोघांनी मिळून जेसीबी लावला होता. पावसाळ्याच्या तोंडी आम्ही पाहायला गेलो. बांध खरोखर छातीभर होता, माती अजून भुसभुशीत. दादा त्याच्या कडेने सबंध चालला. मेहुण्याच्या बाजूला पायथ्याशी नांगराचं एक ताजं तास होतं. मग दादा बांध ओलांडून पलीकडे उतरला. तिथेही होतं.

"नांगर जरा वढला गेला," मेहुणा म्हणाला.

दादाने बंदूक गाडीतून काढलीच नाही. अंगणात म्हातारी बसली होती. तिने चहाला हाक मारली. आम्ही गेलो. चहा पिताना तिच्या पाठीमागे काय आहे, ते मी पाहत राहिलो, आणि मग तिच्या समोर काय आहे, ते: दोन्हीकडून कोरायला लागलेला तो नवा बांध.