मामांनी निवडलेली मूठ

एका चाकूला मूठ कशाची बसवावी, एवढ्याशा प्रश्नावर सारा हिवाळा घालवणारा माणूस माझ्या मामांसारखा दुसरा साऱ्या मुंबईत झाला नसेल, असं मी आजही कोणालाही बजावून सांगेन. तुम्ही मुलं तिकडे नैरोबीला. मामा तुम्ही पाहिले नाहीत, म्हणून लिहून ठेवते. शाळेसाठी मी तेव्हा गिरगावात आजोळी राहत होते. चाळीतल्या दोन अंधाऱ्या खोल्या, आणि त्यांत आम्ही चौघं: आजी, मामा, मामी आणि मी. मामा कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका कचेरीत कारकून. लेखणीला टोक काढायला त्यांच्याजवळ एक विलायती चाकू होता, पातं मिटवून खिशात ठेवण्याचा. त्याची मूठ एक दिवस तडकली. दुसऱ्या कोणी नाक्यावरच्या लाकूड कातणाऱ्या कातार्‍याकडून संध्याकाळपर्यंत नवी बसवून आणली असती. मामांनी पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळलं आणि शोधाला निघाले.

तेव्हापासून मामा जिना चढू लागले की त्यांच्या आधी त्यांच्या खिशांचा आवाज वर येई. शिसवीचा तुकडा, पितळेची पट्टी, सांबरशिंग, हस्तिदंताची कातळी, असं काय काय त्यांत खुळखुळत असे. ओल्या हातातून काय निसटतं हे पाहायला ते प्रत्येक तुकडा पाण्यात भिजत घालीत. एकदा म्हशीचं शिंग त्यांनी आजीच्या फुलपात्रात टाकलं. आजीनं ते भांडं राखेनं तीनदा घासलं आणि मग कायमचं मोरीत ठेवून दिलं. चंदनाचं नाव काढलं तर ती म्हणाली, "चंदन उगाळतात. त्यानं दुधी चिरत नाहीत." हस्तिदंताला तर थेट विटाळाचीच हरकत आली. तेव्हा मामांनी पुरावा काढला, "अगं आई, गणपतीच्या हातात स्वतःचा दात असतो की!"

"तो देव आहे," आजी म्हणाली. "तू कारकून आहेस."

कचेरीतल्या लेखणीला सोवळंओवळं कशाला लागतं, हा प्रश्न मात्र आजीनं विचारला नाही. तिला ठाऊक होतं. आम्हा सर्वांनाच ठाऊक होतं, फक्त बोलत कोणी नव्हतं. चाकू मामींसाठी होता.

आदल्या दिवाळीत अनारसे तळताना कढई कलंडली आणि मामींचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. जखमा भरल्या, पण बोटं कामातून गेली. विळीवर दोन्ही हातांनी भाजी धरावी लागते. मामींच्या हातून ती निसटे आणि पातं बोटाला लागे. दोनदा भाजीत रक्त पडलं. दुसऱ्यांदा आजीनं ती टोपलीसकट फेकून दिली आणि मामांना बाहेर बोलावून सांगितलं, "चैत्र लागला की हिला राजापूरला भावाकडे पोचव. तुझं पुढचं मी बघते." पुढचं म्हणजे दुसरं लग्न. त्या काळी असं सांगताना कोणी आवाजही खाली घेत नसे. दाराआड मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात चालतच राहिला, एकच, डावा.

मामांनी आईला उलट उत्तर आयुष्यात कधी दिलं नाही. त्यांनी मूठ शोधली. मिटत्या चाकूनं पाटावर भाजी ठेवून चिरता आली, तर मामींना विळीची गरज उरणार नव्हती. त्यासाठी ते स्वतःची बोटं चिंधीनं आत दुमडून बांधीत आणि तशा हातानं तुकडे धरून पाहत. जेवताना बांधीत, कचेरीत जाताना बांधीत. एकदा ते मला परळला आत्याकडे नेत होते. घोड्यांच्या ट्राममध्ये तिकीटवाल्यानं विचारलं, "काय राव, हात भाजला की काय?"

"माझा नाही," मामा म्हणाले, आणि बाहेर बघत बसले.

फाल्गुन निम्मा सरला तरी निवड होईना. एका संध्याकाळी मी सज्जात इंग्रजी धडा पाठ करीत होते, आणि मामा शेजारी बसून दुमडलेल्या बोटांत हस्तिदंताची बारीक कातळी धरून काकडीवर फिरवीत होते.

मी म्हटलं, "मामा, मामींची बोटं अशी नाहीत हो."

"म्हणजे?"

"ती दुमडलेली नाहीत. ताठ आहेत. मिटतच नाहीत." मी पंजा पसरून दाखवला.

मामा माझ्या हाताकडे बघत राहिले. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण सासूदेखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही अशी घरोघर रीत होती. मामा निजत सज्जात, बायका आत. वाढायला आजी. भाजल्यापासून मामी तो हात पदराखाली ठेवीत. चार महिने होऊन गेले तरी बायकोचा हात नवऱ्यानं पाहिला नव्हता, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं. मामांनी दातांनी चिंधी सोडली. मग सगळे खिसे उपडे केले आणि ते सारे बारीक, सुबक तुकडे मोरीत नेऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कातार्‍याकडे फणसाचं लाकूड नेलं. हलकं, आणि देवालाही चालणारं. मूठ इतकी जाड करवली की कातारी म्हणाला, "चाकू करायचाय का लाटणं?" ती खिशात मावत नव्हती, मिटल्यावर पातं तिच्यात हरवून जाई. मामांनी ती घरी आणून आजीच्या समोर ठेवली आणि म्हणाले, "हिच्यासाठी आहे." एवढंच. त्या रात्री मामींनी पडवळ चिरलं. आजी जेवली आणि शेवटी म्हणाली, "मीठ कमी आहे." चैत्र लागला आणि संपला. राजापूरचं नाव निघालं नाही.

सुखाचा काळ म्हणावा तर तो एवढाच, पावसाळा संपेपर्यंतचा. मग गाठीची, प्लेगची साथ आली. चाळ रिकामी होऊ लागली. आम्हीही दादरच्या माळावर झोपडी बांधायच्या विचारात होतो, तोच मामींना ताप भरला. त्यांना इस्पितळात नेलं ते नेलंच. त्यांची लुगडी, अंथरूण सगळं सरकारी माणसांनी जाळलं. चाकू मामांनी बंडीच्या आत लपवला म्हणून राहिला.

दादरच्या झोपडीत वारा सुटला की कुडाच्या भिंती करकरत. एका सकाळी आजी तो चाकू घेऊन पाटाशी बसली होती. समोर काकडी. तिच्या धडक्या बोटांत ती जाडजूड मूठ काही केल्या बसेना, फिरून फिरून निसटे. मी दाराशी होते. "या मुठीनं तुझी मामी चिरायची तरी कशी गं?" तिनं मला विचारलं, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मामा बाहेरून आत आले. ते तिच्याशेजारी खाली बसले आणि तिची बोटं एकेक करून सरळ केली.

"मिटू नकोस, आई," ते म्हणाले. "अशी ताठ ठेव. अंगठ्यानं दाब फक्त."

आजीनं दाबलं. फोड जाड निघाली, वाकडीतिकडी. तिनं दुसरी काढली.