इन्क्रिमेंटमामाचं लिंबू

कुणाचं लग्न जमलं की लोक विचारतात, मुलगा काय करतो, पगार किती. आमचा मामा विचारायचा, "बार कोठें आहे?" मुलीच्या बापाला वाटायचं, म्हातारा चळला. मग मामा पान जुळवत जुळवत समजावायचा, "आज किती मिळतें हें विचारूं नका हो. सुरू कोठें होतें, दर वर्षीं किती चढतें, कोठें अडतें आणि शेवट किती, हें विचारा. पोरगी आजच्या पगारासवें राहाणार नाहीं, पुढल्या तीस वर्षांसवें राहाणार आहे." एवढं ऐकून मुलाकडच्यांपैकी कुणीतरी हमखास उठून कॉफी कुठवर आली ते बघायला जायचं. तामिळ मुलखातल्या मेलकावेरीत आमच्या सगळ्या मराठी घरांत त्याला इन्क्रिमेंटमामा म्हणत, आणि हे नाव त्याच्या तोंडावर घेतलं तरी तो रागवत नसे.

त्या काळात पगाराची श्रेणी एका ओळीत लिहीत. मामाची श्रेणी त्याला स्तोत्रासारखी पाठ होती आणि त्याच्यामुळे मलाही: चाळीस, दोन, साठ, बार, तीन, नव्वद. म्हणजे चाळीस रुपयांवर लागायचं, दर वर्षी दोन रुपये चढायचे, साठाला पोचलं की एफिशियन्सी बार. तिथे साहेबाने 'माणूस लायक आहे' असं लिहून सही केली तर पुढे तीन तीन रुपये चढत नव्वदपर्यंत जायचं. सही नाही केली तर साठावर बसायचं, मरेपर्यंत. मामा साठावर बसला होता.

तो कालव्यांची कामं पाहणाऱ्या एका ऑफिसात ट्रेसर होता. ऑफिसचं नाव सांगत नाही. ज्याला आपलं वाटेल त्याने ते लावून घ्यावं. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेल्या बांधांच्या आणि दरवाजांच्या आकृत्यांवर मेण दिलेलं तलम कापड पसरायचं, त्यावर खडूची पूड चोळायची आणि काळ्या शाईने रेघ अन् रेघ उतरवून घ्यायची, हे त्याचं काम. ट्रेसरवर ड्राफ्ट्समन, ड्राफ्ट्समनवर हेड ड्राफ्ट्समन, त्याच्यावर सुपरवायझर आणि सगळ्यांवर साहेब. मामा म्हणायचा, "ट्रेसरच्या हाताला शाई, ड्राफ्ट्समनच्या बोटाला शाई, हेडच्या नुसत्या सहीला शाई. जसजशी शाई कमी, तसतसा पगार जास्त." फुकट गेलेले कापडाचे तुकडे ऑफिसात टाकून देत. मामी ते आणून उकळत्या पाण्यात भिजवायची, मेण सुटलं की आतून मलमल निघायची. गल्लीतली कितीतरी बाळं ह्या मलमलीच्या झबल्यांत वाढली, आणि एखाद्याच्या पाठीवर कालव्याची पुसट रेघ राहिलेली असायची.

एफिशियन्सी बारशी त्याचं भांडण एका लिंबावरून झालं. इंग्रजी नवं वर्ष लागलं की पहिल्या तारखेला सकाळी ऑफिसातल्या सगळ्यांनी एकेक लिंबू घेऊन साहेबाच्या बंगल्यावर जायचं, ते त्याच्या हातात द्यायचं आणि हात जोडायचे, अशी आमच्याकडची रीत. लिंबाची किंमत ती काय! पण बंगल्यावर पगाराचीच शिडी मांडलेली असे. सुपरवायझर आणि हेड दिवाणखान्यात, खुर्चीवर. ड्राफ्ट्समन ओट्यावर, उभे. ट्रेसर आणि शिपाई मागल्या दाराने, गोठ्याजवळून. त्यांची लिंबं साहेब घेतसुद्धा नसे, स्वयंपाकीण टोपलीत गोळा करी. मामा नवीन नवीन असताना एकदा गेला. पुढल्या दाराशी दफेदार होता, म्हणजे शिपायांचा मुख्य. तो बिचारा हळूच म्हणाला, "राव, तुमचं मागून." मामाने लिंबू खिशात घातलं, घरी आला आणि मामीला म्हणाला, "चित्रान्न कर." त्या दिवसापासून दर पहिल्या जानेवारीला आमच्याकडे लिंबाचा भात असायचा. इतर घरांत पोंगलची वाट बघत, आमच्याकडे ह्या भाताची.

पुढे तो साठावर पोचला तेव्हा साहेबाने लिहिलं, काम उत्तम, नम्रता कमी. साहेब बदलत गेले, शेरा बदलला नाही आणि लिंबांची रांगही नाही. मामा दर एप्रिलात बंद गळ्याचा कोट चढवून साहेबाच्या खोलीत जायचा आणि सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "माझा इन्क्रिमेंट?" साहेब म्हणायचा, बघू. मामा नमस्कार करून बाहेर यायचा. घरी पायरीवरच मामी विचारी, "दिल्हा कां?"

"मागिटलों."

"तें नव्हे हो. दिल्हा कां?"

"मागणें माझें. न देणें त्यांचें. ज्या वर्षीं मी मागणार नाहीं, त्या वर्षीं तें बरोबर होऊन जाईल."

आमच्या घरची मराठी ही अशी. पुण्याकडचे पाहुणे ऐकून तोंडावर उपरणं धरत. धरोत बापडे. मला मात्र ह्या वाक्यापेक्षा शहाणं मराठी वाक्य आजवर कुणी ऐकवलेलं नाही.

माझे आईवडील लवकर गेले आणि मी मामाकडेच वाढले. शाळेत मी हुशार होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शेवटची परीक्षा जवळ आली तेव्हा मला तिरुच्चीला कॉलेजात जायचं होतं. वसतिगृहाचा खर्च साठातून निघत नव्हता. बार उठला असता, मागची थकलेली वाढ हातात आली असती, तर निघत होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या डिसेंबरात हेड ड्राफ्ट्समन आमच्या ओट्यावर येऊन बसला, मामीच्या हातची कॉफी प्याला आणि म्हणाला, "राव, साहेब वाईट माणूस नाही. या वेळी लिंबू घेऊन या, फाईल मी स्वतः पुढे ठेवतो. पुढून या की मागून या, कोण बघतंय?"

"मी बघतों कीं," मामा म्हणाला. पण हसला नाही, आणि तो हसला नाही म्हणून मला भीती वाटली.

पहिल्या तारखेला सकाळी मामीने बाजारातून एक लिंबू आणलं. चांगलं पिवळंधमक, पातळ सालीचं. पुसून मामाच्या हातात ठेवलं. "एक डाव जाऊन या हो. ह्या पोरीसाठीं तरी." मामीची काय चूक? तिने दहा वर्षं साठातच संसार ओढला होता. मामाने कोट घातला. लिंबू हातात घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. तोंडात पान नव्हतं. तो माझ्यासाठी निघाला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "मामा, तुम्हीं मागल्या दारानें जाणार आणि मी कॉलेजाच्या पुढल्या दारानें जाऊं कां?" त्याच्या हातातलं लिंबू काढून घेतलं, स्वयंपाकघरात गेले आणि विळीवर सर्रकन दोन फाका केल्या.

मामी रडायलाच लागली. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास गे, रुक्कू," म्हणाली. खरंच होतं ते. मामा आत आला. त्याने फाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोट काढून खुंटीला लावला. मग "शरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणून पाटावर बसला. थोड्या वेळाने मामीने डोळे पुसले आणि भात निवत घातला. त्या दिवशीच्या भातात मीठ जास्त पडलं होतं. मामाने तीनदा मागून घेतला.

मी कॉलेजात गेले नाही. आमच्या मनाच्या मोठेपणाने कुणाला पाझर फुटला आणि त्याने फी भरली वगैरे गोष्टी कथांमध्ये होतात. मामाने मला ट्रेसिंग शिकवलं. रेघ श्वास रोखून ओढायची नाही, श्वास सोडत ओढायची, हे त्याचं. मी सरकारी ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि तिरुच्चीलाच एका ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरच्या तिघांनी विचारलं, काही विचारायचं आहे का. मी म्हटलं, "बार कुठे आहे? आणि बायकांना तो पुरुषांच्या आधी लागतो का?" नोकरी मिळाली. ट्रेसरची ड्राफ्ट्समन मी वेळेवर झाले, हेड उशिरा झाले, आणि दर पायरीला मागून झाले. न मागता मला कुणी काही दिलेलं आठवत नाही.

पण हे पुढचं. त्याआधी मामा रिटायर झाला, साठावरच. आमच्याकडे शेवटच्या दिवशी ऑफिसातले सगळे माणसाला हार घालून घरापर्यंत पोचवायला येतात. साहेबही येतो. हार घालतो आणि रीतीप्रमाणे हातात एक लिंबू देतो. साहेबाने माणसाला लिंबू द्यायचं, असा दिवस नोकरीत एकच.

त्या संध्याकाळी आमच्या दारात पंधरा-वीस माणसं उभी होती. साहेब खाली रस्त्यावर, मामा वर ओट्यावर. साहेबाने पायरी चढून हार घातला आणि लिंबू पुढे केलं. मामाने ते घेतलं, उजेडात धरून निरखलं. मला वाटलं, आता हा ते परत देणार. मामीने माझा दंड घट्ट धरला.

मामा तामिळमध्ये म्हणाला, "आत या. सगळे या. आमच्या घराला दार एकच आहे, पुढलं."

साहेब आत आला, त्याच्यामागून सुपरवायझर, हेड, ड्राफ्ट्समन. दफेदार चपला काढून बाहेरच उभा राहिला होता. मामा परत बाहेर गेला आणि त्याचा हात धरून त्याला घेऊन आला. मामीने एकदा मामाकडे पाहिलं. गल्ली उद्या काय बोलेल ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने पदर खोचला आणि सगळी केळीची पानं एका ओळीत मांडली. साहेबाच्या शेजारचं पान दफेदाराला आलं. दोघेही अवघडून बसले होते.

चित्रान्न मामा स्वतः वाढत होता. त्यात साहेबाचं लिंबूही पिळलं होतं. वाढत वाढत तो साहेबापाशी आला, थांबला आणि ऑफिसात विचारायचा त्याच आवाजात म्हणाला, "साहेब, माझा इन्क्रिमेंट?"

कुणीतरी हसलं. साहेबाचा घास हातातच राहिला. तो हळूच म्हणाला, "राव, उद्यापासून तुम्ही माझ्या ऑफिसात नाही."

"म्हणून तर आज मागतोय," मामा म्हणाला, आणि त्याच्या पानावर आणखी भात वाढला.