खापर हळदकुंकवावर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि परवा दसऱ्याला जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसणं जमेना.

पण आधी माझा राग ऐकून घ्या. तो खरा आहे. नवा लॅपटॉप घेतला की कंपनी त्याच्या पोटात एक कप्पा लपवून ठेवते. मशीन कोसळलं, तर ते पहिल्या दिवसासारखं करायला जे जे लागतं ते सगळं त्या कप्प्यात. पूर्वी त्याची सीडी हातात द्यायचे. आता नाही. म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं! ती किल्ली आधी बाहेर काढून ठेवायची जबाबदारी कुणाची? तुमची. पेन ड्राइव्ह तुमचा, वेळ तुमचा. हा काय न्याय झाला? वर्षानुवर्षं मी यावर तावातावाने बोलत आलोय. ऑफिसात, नाक्यावर, लग्नाच्या पंगतीतही. ऐकणारे मान डोलावतात. मी इतका का चिडतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

ज्या लॅपटॉपवरून हे सगळं, तो माझ्या काकीचा होता. काका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे; जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुबईत. काकी लालबागला आमच्याच चाळीत, आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. चाळीच्या पुनर्विकासाची कमिटी झाली, तेव्हा तिच्या मजल्यावरच्या बायकांनी हट्टाने काकीला निवडून दिलं. कारण एकच— काकी सगळं वाचते. वाण्याने पुडी बांधलेला कागदसुद्धा.

कमिटीतल्या पुरुषांना ते कसं सोसणार? बिल्डरचे मसुदे यायचे ते ईमेलवर. "काकी, तुमचा ईमेल नाही, तुम्हाला कसं पाठवणार?" असं आमचे अध्यक्ष सावंत अगदी गोड बोलून सांगायचे. प्रिंट काढून द्यायला काय हात मोडले होते? दर मीटिंगला काकी एकच प्रश्न विचारायची, "आपली इमारत पुढे येणार की मागे?" आणि दर वेळी हेच उत्तर, की मसुद्यात सगळं आहे. मग काकीने मुलाला फोन करून लॅपटॉप मागवला. सत्तरीच्या उंबरठ्यावर! मला तिचा काय अभिमान वाटला होता. आणि सावंतांचा संताप आला होता.

तेवढा अभिमान होता, तर मग मी तसं का केलं?

सांगतो. टाळत नाही— म्हणजे, टाळतोच आहे, कळतंय मला.

त्या वर्षी दसऱ्याला दुपारी काकीने लॅपटॉप उघडायचं ठरवलं. काका असताना गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा व्हायची, घरची माणसं आत जाऊन बघायची. काकीच्या मनात ते पक्कं बसलेलं. यंत्राला आधी हळदकुंकू, मग हात. तिने मिटलेल्या लॅपटॉपवर एक बोट हळदीचं, एक बोट कुंकवाचं लावलं, चार अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. मग पदराने पुसून माझ्यासमोर सरकवला. "घे रे मंगेश, आता तुझा काम."

माझं काम म्हणजे डिस्कचे दोन भाग करणं. आमच्याकडे हा एक धर्मच आहे. सी ड्राइव्हमध्ये आपलं काही ठेवायचं नाही, सी पडला तर सगळं जातं, आपलं सामान डीमध्ये. कमिटीचे कागद डीमध्ये राहतील, असं मी काकीला मोठ्या ऐटीत समजावलं. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. काकीने चष्मा सावरला आणि इंग्रजी अक्षरं लावत वाचायला लागली. रिकव्हरी... कॉपी... "ह्यो काय सांगता रे? कसली तरी कॉपी काढून ठेव म्हणता."

"ते नेहमीच येतं गं. सोड."

खिशात पेन ड्राइव्ह होता माझ्या. पुरेसा मोठा होता. पण त्यात मित्राला द्यायच्या मालिका भरल्या होत्या आणि त्या पुसायचं माझ्या जिवावर आलं. बस. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं, तर सांगायला बरं वाटलं असतं.

काकी पुन्हा म्हणाली, "काढलंस मा कॉपी?" मी हो म्हणालो.

मग मला तो लपलेला कप्पा दिसला. नाव नाही, सी किंवा डीसारखं अक्षर नाही, उगाच जागा अडवून बसलेला. मी तो उडवला. शेजारचा एक चिमुकला तुकडा होता, तोही. त्याच्याशिवाय मशीन उठतच नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि तरी चाळीत कॉम्प्युटरवाला म्हणून मीच मिरवत होतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळा पडदा. त्यावर पांढरी एक ओळ. कंपनीने सांगितलेलं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दाबून काय होणार होतं? ज्या कप्प्यातून ते सावरलं असतं, तोच मी पुसला होता.

नेमके त्याच वेळी सावंत सोनं द्यायला आले. मागे गॅलरीतली दोन-चार माणसं. हातात आपट्याची पानं, तोंडभर हसू. "काय काकी, मशीन आलं वाटतं? दाखवा की!" त्यांनी काळा पडदा पाहिला. सगळ्यांनी पाहिला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा मारल्या. "अहो, नव्या मशीनवर कुणी हळदकुंकू वाहतं का? गेलं असणार आत. आता काय करणार मी?"

हे मी बोललो. मीच. कुणी विचारलंही नव्हतं कुणामुळे झालं ते.

सावंत खो खो हसले. इलेक्ट्रॉनिक वस्तूची पूजा घातली म्हणे! गॅलरीतून एक बाई हळूच बोलली, ते मला स्वच्छ ऐकू आलं— विधवा बाईने कुंकवाला हात लावावाच कशाला. काकीलाही ऐकू आलं असणार. तिने हळदीने पिवळी झालेली बोटं मुठीत घेतली. "माझ्यामुळे बिघडला काय रे?" तिने विचारलं. मला विचारलं, सगळ्यांसमोर. तेव्हा तरी? एक शब्द पुरला असता.

मी खांदे उडवले.

लॅपटॉप दुरुस्तीला नेला. आणायला मी एकटाच गेलो, मुद्दाम. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, मशीनला काही झालेलं नाही, कुणीतरी डिस्कचं पार्टिशन उडवलंय. घरी येऊन मी म्हणालो, त्यांनी आतून साफ करून दिलं. काकीने लॅपटॉपला हातही लावला नाही. "तुझ्या पोरीक दे. माका नको." पुढच्या मीटिंगला सावंतांनी विचारलं, काकी, आज मसुद्याला हळदकुंकू लावलं की नाही? सगळी कमिटी हसली. दोन महिने असंच चाललं, मग काकीने कमिटी सोडली. तिचा प्रश्न विचारायला त्या खोलीत कुणी उरलं नाही. मसुद्यात रहिवाशांची इमारत मागे होती, बिल्डरचा टॉवर पुढे. सह्या झाल्या. आज काकीच्या नव्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. काकी कमिटीत असती तर हे थांबलं असतं, असं मी म्हणत नाही. पण तिने विचारलं असतं. निदान सावंतांना तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागलं असतं.

सावंतांना मी अजून शिव्या घालतो. त्या बाईलाही. कंपनीला तर रोजच. त्यांना हसायला विषय कुणी दिला?

परवा दसऱ्याला काकी आमच्याकडे आली. ताट हातात घेऊन घरभर फिरली. स्कूटरला हळदकुंकू, मिक्सरला हळदकुंकू, माझ्या मुलीच्या कंपासपेटीला हळदकुंकू. टेबलावर लॅपटॉप होता. तोच. हे मी आता लिहितोय तेही त्याच्यावरच. काकीने झेंडूचं फूल उचललं, थबकली, आणि फूल लॅपटॉपपासून वीतभर लांब, टेबलाच्या कडेला ठेवलं. दुसरा हात तिने पाठीमागे धरला होता, चुकून लागू नये म्हणून.

"लांबसूनच बरा," ती म्हणाली.

मुलगी खळखळून हसली. तिला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे, घरातला विनोद म्हणून. मीच सांगितली आहे तिला.

काकीही हसली. मग मीही हसलो.