उलटा फिरलेला रीमर

कारखान्यात त्याला सगळे केसभर म्हणत. "केसभर मोठं झालं", "केसभर घास" हे त्याच्या तोंडी इतकं असे, की खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. निवृत्तीनंतर त्याने स्वयंपाकघरामागच्या खोलीत छोटा लेथ मांडला. आयुष्यभरात हजारो भोकं पाडलेला हा माणूस, पण त्या सकाळी वाइसमध्ये धरलेल्या एका लोखंडी पट्टीपुढे तो कधीचा नुसताच उभा होता.

पट्टी बायकोच्या कॅलिपरची होती. लहानपणी तापात तिचा उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून ती मांडीपासून टाचेपर्यंत हा आधार बांधून चालते. गुडघ्यापाशी एक पिन असते. तिच्यावर सांधा वळतो आणि उभं राहिलं की कडी बसून पाय ताठ राहतो. पिन ढिली झाली, तर कडी कधी सुटेल याचा नेम नाही.

दोन महिन्यांपूर्वी कडी जिन्यातच सुटली. बाई नऊ पायऱ्या गडगडत गेली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. "पाय घसरला," असं तिने सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते केसभरला ठाऊक होतं, आणि त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता.

पिनेचं भोक त्याच्याच हातचं होतं. ड्रिलने भोक जरा लहान ठेवायचं आणि रीमरने नेमक्या मापावर आणायचं, ही रीत. रीमर आत जाताना सुलटा आणि बाहेर येतानाही सुलटाच फिरवायचा. पण त्या दिवशी केसभर सकाळपासून आटे पाडत बसला होता. आटे पाडणाऱ्या टॅपला अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे लागतो. हाताला तीच सवय लागली आणि हाताने रीमरही मागे फिरवला. भोकात ओरखडे उठले. पिन त्या ओरखड्यांवर घट्ट बसली, तेव्हा त्याने स्वतःची समजूत घातली आणि बायकोला सांगितलं, ठीक आहे. महिन्याभरात ओरखडे झिजले आणि पिन ढिली झाली.

आता जाड पिनेसाठी तेच भोक वाढवून नऊ मिलिमीटरचं करायचं होतं. दोन्ही अंगांना जेमतेम अडीच मिलिमीटर लोखंड उरणार. आता हात चुकला तर पट्टीच गेली, आणि असा सांधा हल्ली कोणी बनवत नाही.

त्याने तेल सोडलं, रीमर लावला. पुढे. परत पुढे. प्रत्येक फेऱ्याला तो स्वतःला बजावत होता, मागे नाही रे बाबा, मागे नाही. रीमर आरपार गेला, तसाच पुढे फिरवत त्याने बाहेर घेतला. भोक पुसून नवी पिन सोडली. ती स्वतःच्या वजनाने सावकाश उतरली. हवी तश्शी.

बायको कॅलिपर बांधून जिन्याच्या तोंडाशी आली, तर हा दोन पायऱ्या खाली उभा.

"तिथे कशाला? पडले तर चेंगरून जाल."

"अगं, मागच्या वेळी तू घसरली नव्हतीस. मी रीमर उलटा फिरवला होता."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"भिंतीपलीकडे इतकी वर्षं स्वयंपाक करतेय. तो आवाज वेगळाच आला होता."

"मग बांधलास कशाला?"

"तुम्ही ठीक आहे म्हणालात." तिने कठडा धरला. "आज काय म्हणता?"

केसभर दोन पायऱ्या चढून वर आला.

"सोड तो कॅलिपर. परत मोजतो."

ती वरच्या पायरीवर बसली, पट्टे सोडले आणि कॅलिपर त्याच्या हातात दिला. त्याने पिन काढली, भोक मोजलं, पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. मग पिन बसवून पट्टे स्वतःच आवळले.

"ठीक आहे," तो म्हणाला.

ती लगेच उठली. दोन्ही हात तिच्यापुढे धरून केसभर उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागला, आणि त्याची नजर तिच्या गुडघ्यावरून हलत नव्हती.