आधी मागचं दार

आमच्या ताई कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी मागचं दार बघायच्या. हॉटेल असो, दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो. नवरा-नवरीवर अक्षता पडायच्या आत ताई एक चक्कर मारून यायच्या आणि खुर्चीत टेकत म्हणायच्या, "आहे. भटारखान्याच्या बाजूनं." मग कुठे त्यांना जेवण गोड लागायचं.

रायपूरच्या सदर बाजारात, एका कापड दुकानाच्या वर, आम्ही सातआठ जण मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होतो. घर सोडून निघालेली एक पोरगी आणि तिचा रेडा जंगलातून वाट काढतात, एवढीच गोष्ट. ती लिहायचं काम माझं. ताई आमच्या प्रोड्युसर. म्हणजे कोणी काय करायचं, कधी करायचं आणि नाही केलं तर काहून नाही, हे विचारायचा हक्क त्यांचा. वय चाळिशीच्या पुढे, माहेर रायपूरचंच. नागपूरचं सासर सोडून त्या कधीच्याच परत आल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आमची विचारायची हिंमत नव्हती.

कामं भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली असायची. उन्हाळा आला, कूलर लावला, चिठ्ठ्या उडाल्या. एक कूलरमागे गेली आणि दोन चित्रकारांनी एकच वाघ दोनदा काढला. बरं, ते दोन वाघ एकमेकांचे नातेवाईकही वाटत नव्हते. कंपनीचे मालक म्हणाले, आता सॉफ्टवेअर घ्या. झालं! चित्रकारांना मोठी चित्रं दिसणारं हवं, कोडवाल्यांना कोडशी जोडलेलं हवं, मालकांना रंगीत आलेख हवेत. मला काहीही चाललं असतं, माझी चिठ्ठी उडू नये म्हणजे झालं.

ताईंनी मात्र प्रत्येक विक्रेत्याला डेमोत एकच प्रश्न विचारला. "छोड़ के जाना हो, तो क्या-क्या ले जाने दोगे?"

एक पोरगा बिचारा गांगरलाच. "मॅडम, आप तो अभी आईं भी नहीं."

"इसीलिए पूछ रही हूँ. बाद में कौन बताता है?"

नुसत्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. फुकटच्या ट्रायलमध्ये ताई रेड्याची चित्रं, दुरुस्त्या, आमची भांडणं असं सगळं भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून बघायच्या. सगळ्यात देखण्या सॉफ्टवेअरमधून बाहेर आली ती नुसती कामांची नावं. चित्रं नाहीत, कोण काय बोललं तेही नाही. "अंगावरच्या कपड्यानिशी काढलं," ताई म्हणाल्या, आणि ते बाद झालं.

शेवटी ज्यातून सगळं बाहेर आलं आणि ताईंना पसंत पडलं, त्याचा रंग शिळ्या कारल्याचा होता. आमचा चित्रकार भूपेश ते बघून म्हणाला, "दीदी, इसमें काम करूँगा तो आँखें चली जाएँगी." मालक रुसले. मीही तणतणले, "ताई, आपण राहायला चाललोय की निघायला?"

"निघता येते म्हटलं का माणूस निवांत राह्यते, पोरी," असं म्हणून त्यांनी पैसे भरून टाकले.

आणि खरं सांगते, राहिलो निवांत. कारल्याला शिव्या घालत, पण राहिलो. भूपेशचं आणि माझं रेड्याच्या शिंगांवरून झालेलं अख्खं महाभारत त्यात नोंदलेलं होतं.

मग पैसे देणाऱ्या पार्टीनं हात वर केले. ऑफिस बंद, महिनाअखेर सॉफ्टवेअरही बंद. मालक भले माणूस; म्हणाले, गेम तुम्हाला पुढे न्यायचा तर न्या. कोड वेगळा ठेवलेला होता, पण कोणतं चित्र पक्कं, कोणती चूक कशी सुटली, आमची पोरगी नदीपाशी काहून थांबते, हे सगळं त्या कारल्यात होतं. ते गेलं असतं तर गेम संपलाच असता.

ताईंनी ओढणी खोचली आणि एका दुपारात सगळं बाहेर काढलं. शिंगांच्या भांडणासकट. प्रत्येकाला एकेक प्रत देत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तुमचं काय राहिलं होतं नागपूरला?"

त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "ट्रंक. लग्नाआधीची माझी सगळी चित्रं होती त्याच्यात. त्याईनं ट्रंकेवर टीव्ही ठेवला होता. मी निघाली तेव्हा टीव्ही उचलाले कोणी उठलं नाही." आणि लगेच, "भूपेश, तेरी डिस्क दे."

ताई चित्रं काढायच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं. मी कूलरसमोर जाऊन उभी राहिले.

पुढे ताई नोकरीसाठी पुण्याला गेल्या. मी आणि भूपेशनं त्याच्या बीरगांवच्या घरी बसून गेम पुरा केला आणि सगळ्यात आधी ताईंना पाठवला. एक बदल त्यांना सांगितला नव्हता. आता ती पोरगी मागच्या दारानं निघते, आणि रेड्याच्या पाठीवर एक ट्रंक असते. वाटेत बाकीचं सगळं सामान टाकून देता येतं. ट्रंक टाकता येत नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"रेड्याले वजन जास्त होऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

"कमी करू का, ताई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नेऊ दे त्याले."